पियानोतला लांडगा

माझ्या कानाला कुणी नाव ठेवलेलं मला खपत नाही. आता म्हातारा झालो तरी खपत नाही, तेव्हा तर मुळीच खपत नव्हतं. नांदेडच्या चौकात माझं पेटीदुरुस्तीचं दुकान होतं. भजनी मंडळी, कीर्तनकार, गुरुद्वाऱ्यातले रागी, सगळे माझ्याकडंच यायचे. पेटी पुढं ठेवली की माझा पहिला सवाल ठरलेला: ‘सा कुठला?’ गाणारा म्हणाला काळी चार, की काळी चारला सा धरून मी बाकीच्या पितळी पट्ट्या घासून असे सूर जुळवायचो की सा आणि प एकदम वाजवले तर दोन सूर आहेत हे कळू नये. शेषेरावानं लावलेली पेटी म्हणजे दुधात विरघळलेली साखर, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो.

ही गोष्ट १३५७ फसलीतली, म्हणजे १९४७ साल संपतानाची. तिकडं हिंदुस्थान मोकळा होऊन चार-पाच महिने झालेले, इकडं आमच्यावर निजामाचंच राज्य, आणि गावात कुणाचा कुणावर भरवसा राहिलेला नाही. हॉटेलात दोघं बोलत असले आणि तिसरा आला की बोलणं लगेच ज्वारीच्या भावावर जायचं. डाक फोडलेली मिळायची. गाडीतून उतरणाऱ्याचं बोचकं सोडून बघायचे. अशा दिवसांत गावातल्याच वजिराबाद मोहल्ल्यातल्या माधवराव वकिलांकडं पियानो आला.

सिकंदराबादच्या छावणीतला कुणी साहेब विलायतेला परत चालला होता. त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, त्यात वकिलांनी तो घेतला. त्यांची सून इंदू तिकडं मडमांच्या शाळेत शिकलेली, तिला वाजवता यायचा. स्टेशनावर तो उतरवायला आठ माणसं लागली. बैलगाडी चौकातून निघाली तेव्हा सगळा बाजार उभा राहून बघत होता. एवढ्याशा कपाटाला आठ माणसं? आत भरलंय काय? कुणी म्हणालं बंदुका, कुणी म्हणालं चांदीच्या विटा. गाडी माझ्या दुकानावरून गेली आणि मला कुणी हाक मारली नाही. सूर लावायला वकिलांनी सिकंदराबादहून माणूस आणला होता.

मला लई राग आला. घरी येऊन आदळआपट केली. आमची कस्तुराबाई म्हणाली, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. मी म्हणलं, सूर तो सूर, पेटीतला काय अन् कपाटातला काय. ती हसली आणि भाकरी उलथून टाकली.

तो माणूस माणिकप्पा. मूळचा निलंग्याकडचा, पन्नाशीचा, काटकुळा, बोलण्यात कानडी हेल. दोन दिवस वकिलांच्या माडीवरून एकच आवाज येत राहिला. टण, टण, टण. मग जरा थांबून पुन्हा तोच. घंटा घंटा तेच. मी हॉटेलात चहा पिताना म्हणलं, हा सूर लावून राहिला की कुणाला तार करून राहिला? लोक हसले. मलाही बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी, सोमवारी, पोलीस अमीन वकिलांकडं गेले आणि माणिकप्पाला पियानोपाशीच धरलं. कुणी काय कळवलं होतं ते मला आजही माहीत नाही. मी बोललो होतो एवढं खरं.

दुपारी मलाच बोलावणं आलं. दुकान तसंच टाकून गेलो. माडीवर अमीनसाहेब खुर्चीत बसलेले. टापटीप माणूस, खिशात साखळीचं घड्याळ, आवाज कधी चढायचा नाही, आणि त्यामुळं जास्तच भीती वाटायची. त्यांच्या हातात माणिकप्पाची वही. वहीत नुसते आकडे, सहा, सात, सात, आठ, नऊ, असे पानंच्या पानं. त्यांनी विचारलं, हे काय? माणिकप्पा म्हणाला, दोन सूर एकदम वाजले की आवाजात हेलकावा येतो, दहा सेकंदांत किती हेलकावे ते लिहिलंय. अमीनसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मिशीत हसलो.

मग त्यांनी पियानो उघडून दाखवायला सांगितलं. माणिकप्पानं पुढची फळी काढली. आत लोखंडाची जाड चौकट आणि तिच्यावर दोन-सव्वादोनशे तारा. एका पोलीस जवानानं तारांमागं काठी घालून ढवळलं. मडमेच्या केसातली एक पिन निघाली आणि राणीच्या छापाचा एक पैसा. वजन या चौकटीचं आहे, माणिकप्पा म्हणाला, तारांचा पाचशे मणांचा ताण ती पेलते. पूर्वी ती लाकडाची असायची, ताण वाढवला की वाकायची, म्हणून तारा बारीक ठेवायच्या आणि आवाजही बारीकच निघायचा. लोखंड ओतायला शिकले तेव्हा कुठं पोलादी तारा आल्या आणि आवाज मोठा झाला.

अमीनसाहेबांना ऐकावंसं वाटत होतं की त्याला बोलता बोलता पकडायचं होतं, कळत नव्हतं. ते म्हणाले, सुरुवातीपासून सांग. त्यानं सांगितलं. अडीचशे वर्षांमागं असल्या बाजात हातोडीच नव्हती. पट्टी दाबली की पिसाचा देठ तार छेडायचा, सतारीच्या नखीसारखा. जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज तेवढाच. मग इटलीतल्या एका कारागिरानं पिसाच्या जागी हातोडी बसवली. पण हातोडी तारेला टेकूनच राहिली तर तार मुकी होते, म्हणून मारल्याबरोबर ती सुटून मागं यायला पाहिजे, बोट पट्टीवर दाबलेलं असलं तरी. तेवढ्या एका सुटण्यापायी एकेका पट्टीमागं लाकूड, कातडं आणि नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, कितीतरी तुकडे. त्यानं एक पट्टी दाबून दाखवली. हातोडी गेली, लागली, परतली.

मला ते बघून हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? माझ्या पेटीत भाता आणि पट्ट्या, दुसरं काय. आणि हा माणूस शंभर कारागिरांच्या अकला आपल्या खिशातून काढल्यागत सांगत होता. मला तेव्हाच वाटलं, एवढं बोलणारा माणूस काहीतरी लपवत असणार.

अमीनसाहेब मला म्हणाले, सुरांतलं मला कळत नाही, गावात तुझा कान पहिला असं ऐकलंय. एकच सांग. यानं लावलेले सूर बरोबर आहेत की नाहीत? बरोबर असले तर हा सूर लावणाराच, संध्याकाळच्या गाडीनं घरी जाईल. चुकीचे असले तर वही कसली ते हैदराबादला विचारतील.

मी पुढं बसलो. सवयीनं विचारलं, ‘सा कुठला?’

‘याला सा न्हाई, पेटीवाले,’ माणिकप्पा म्हणाला. ‘बारा घरं हायत. कुणीबी कुठल्याबी घरात येऊन बसतंय.’

सा नाही म्हणे. गावाला वेस नाही म्हणण्यासारखंच. मी पहिल्या पांढरीवर सा धरून पंचम दाबला. पंचम उतरलेला. फार नाही, केसभर, पण मला केसभरच पुरे. आवाजात तो संथ हेलकावा. दुसरा पंचम, उतरलेला. तिसराही. बाराही ठिकाणी बघितलं. एखादा चुकला असता तर हात घसरला म्हणून सोडून दिलं असतं. बाराच्या बारा उतरलेले, आणि सगळे सारख्याच मापानं. हे चुकून होत नाही, मुद्दामच होतं. आणि हेलकावा म्हणजे दोष. आपला दोष मोजून वहीत कोण लिहून ठेवतं? ते आकडे दुसऱ्याच कशाचे असणार. हे सगळं मी अमीनसाहेबांना असंच्या असं सांगितलं. शेवटी म्हणलं, ‘साहेब, हा सूर लावणारा न्हाई.’

माणिकप्पा रागावला नाही. माझ्याकडं जरा चकित होऊन बघत राहिला. ‘बरोबर ऐकलंत तुम्ही,’ तो म्हणाला, ‘पण...’

अमीनसाहेबांनी हात वर केला. जवानांनी त्याला जिन्यानं खाली नेलं. शुक्रवारच्या गाडीनं हैदराबादला रवाना करायचं ठरलं. वकील खिडकीतून बाहेर बघत उभे होते. त्यांच्याच घरातून माणूस नेला, आणखी बोलले असते तर त्यांनाही नेलं असतं.

संध्याकाळी वकिलांनी निरोप पाठवला की आता तूच लाव. माणिकप्पाची हत्यारांची पिशवी तिथंच राहिली होती. तारांच्या खुंट्या फिरवायची त्याची किल्ली, तारा दाबून धरायच्या नमद्याच्या पट्ट्या. किल्लीची लाकडी मूठ त्याच्या हाताच्या घामानं काळी झालेली. मला हात लावताना जरा कसंतरी झालं, पण मंगळवारी सकाळी बसलो. पहिल्या पांढरीपासून धरलं. तिचा पंचम लख्ख लावला, दूधसाखर. मग त्या पंचमाला सा धरून त्याचा पंचम. असं एकातून एक काढत गेलो की बारा घरं फिरून पुन्हा पहिल्या घरात येतो, सोपा हिशेब. अकरा पंचम असे लागले की माझ्याच अंगावर काटा आला. माडीचं दार उघडं ठेवलं, लोकांना ऐकू जावं म्हणून.

बारावा दाबला आणि पियानो केकाटला. भुकेला लांडगा रानात ओरडतो तसा आवाज. इंदू स्वयंपाकघरातून पळत आली.

मी म्हणलं, कुठंतरी चुकलो. बुधवारी पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अकरा दूधसाखर, पुन्हा शेवटी लांडगा. मग माझा संशय मोकाट सुटला. खुंट्या ढिल्या असतील. तारा मुद्दाम खराब करून ठेवल्या असतील. नाहीतर माझ्या माघारी कुणी येऊन खुंट्या फिरवत असणार. इंदूवर संशय, वकिलांवर संशय. जेवायला घरी जाताना मी झाकणाला दोरा बांधून गेलो, गाठ ध्यानात ठेवून. परत आलो तर दोरा तसाच, गाठ तशीच, आणि लांडगाही तसाच. तिसऱ्यांदा उलट्या बाजूनं फिरून बघितलं. लांडगा तिकडूनही आला.

गुरुवारी दुपारी घरी गेलो तर डोकं भणभणत होतं. अंगणात उन्हात बसून कस्तुराबाई गोधडी शिवत होती. वरचं कापड अस्तरापेक्षा बोटभर जास्त भरलं होतं. मी म्हणलं, जास्तीचं आहे ते शेवटाला दुमडून टाक की. ती म्हणाली, एका जागी दुमडलं तर तिथं गाठ येते, अंगाखाली टोचते. सगळ्या कडेनं चिमूट चिमूट आत घेत जायचं. कुठं दिसत नाही, कुणाला टोचत नाही. आणि दातानं दोरा तोडून पुढचा टाका घातला.

मी तिथंच खाली बसलो.

बारा लख्ख पंचम पुढं ठेवत गेलं की शेवटी बोटभर उरतं. माझी चूक नव्हती आणि कुणाची हातचलाखीही नव्हती, ते उरतंच. पेटी मी एकाच सा-साठी लावायचो, ते उरलेलं न वापरायच्या सुरात जाऊन पडायचं, म्हणून जन्मात माझ्या लक्षात आलं नाही. या पियानोला ठरलेला सा नाही, बारांतल्या कुठल्याही घराला कुणीही सा धरतं, म्हणून माणिकप्पानं ते बारा जागी चिमूट चिमूट आत घेतलं होतं. आणि चिमूट सगळीकडं सारखी यावी म्हणून हेलकावे मोजले होते; सूर वर चढेल तसे ते तेवढ्याच चिमटीला जरा भरभर येतात. सहा, सात, सात, आठ, नऊ. ज्या गोष्टीला मी दोष म्हणलो तीच त्याची सारी कारागिरी होती. तो सांगत होता आणि त्याचा तो ‘पण’ मी जिन्यावरून खाली जाऊ दिला होता.

जेवण तसंच टाकून ठाण्यावर गेलो. अमीनसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, ‘तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोस?’

‘तेव्हा खरं ऐकलं अन् खोटं सांगितलं, साहेब.’

‘तीन दिवस वकिलाच्या घरी बसून आल्यावर हे सुचलं तुला.’

वकिलांनी पैसे देऊन मला फोडलं, असं त्यांना वाटत होतं. पण आता मागं फिरायला जागा नव्हती. मी म्हणलं, साहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका. पियानोचे सूर मी पार बिघडवून ठेवलेत. वही तुमच्यापाशी आहे, ती त्याला दाखवू नका. त्याला पियानोपाशी आणा, सूर लावू द्या, तुम्ही स्वतः घड्याळ धरून हेलकावे मोजा. वहीतल्या आकड्यांशी जमले तर तो सूर लावणारा. नाही जमले तर त्याच्यासोबत मलाही गाडीत बसवा. त्यांनी वही टेबलाच्या खणात ठेवली. मग म्हणाले, उद्या सकाळी, गाडीच्या आधी.

शुक्रवारी सकाळी माणिकप्पाला माडीवर आणलं. डाव्या कानाखाली सूज होती, कानाच्या पाळीवर वाळलेलं रक्त. मी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. त्यानं किल्ली घेतली, खुंटीवर बसवली, दोन पट्ट्या दाबल्या आणि मान एका बाजूला केली. मग दुसऱ्या बाजूला केली. पुन्हा पट्ट्या दाबल्या. किल्ली हलली नाही.

मी फळी धरायच्या निमित्तानं जवळ गेलो. तो ओठ न हलवता म्हणाला, ‘कान सारखा वाजतोय. हेलकावा ऐकूच येईना.’

तिथं मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. मी पियानोच्या कडेला त्याच्यासमोर उभा राहिलो आणि हात झाकणावर ठेवला. त्यानं पट्ट्या दाबल्या. आवाजाची लाट वर आली की मी बोट उचलायचं, खाली गेली की टेकवायचं. तो माझ्या बोटाकडं बघायचा आणि किल्ली फिरवायचा, केसभर इकडं, केसभर तिकडं. सहाच्या जागी दहा आले की मी मान हलवायचो. अमीनसाहेबांची नजर घड्याळावर होती. मी त्यांना म्हणायचो, ऐका साहेब, वर गेला, खाली आला, आणि ते मोजायचे. सहा. पुढचा, सात. पुढचा, सात. वहीतला आकडा बघून ते दर वेळी पान जरा वर धरायचे. आठ. नऊ. बारा घरं पुरी व्हायला अडीच घंटे लागले. शेवटचा पंचम माणिकप्पानं दाबला. लांडगा आला नाही. एक संथ हेलकावा आला, बाकीच्यांसारखाच, आणि विरून गेला.

अमीनसाहेबांनी घड्याळ मिटून खिशात ठेवलं. वही माणिकप्पाच्या हातात दिली. जाताना जिन्यापाशी थांबून मला म्हणाले, ‘शेषेराव, तुझं बोट फार हलतं.’ आणि खाली उतरून गेले. त्यांनी बघितलं होतं तर सोडलं कशासाठी, हे मी वर्षानुवर्षं कोड्यासारखं घोळवत राहिलो. उत्तर मिळालं नाही.

दुपारच्या गाडीला मी माणिकप्पाला घेऊन स्टेशनावर गेलो. त्याची पिशवी मीच उचलली होती. फलाटावर त्याच्या पायाला हात लावायला वाकलो तर त्यानं वरच्यावर धरलं.

‘तुमचा कान खोटा न्हाई,’ तो म्हणाला. ‘तीस वर्षांत तो हेलकावा न सांगता ऐकणारे तुम्ही पहिलेच. फकस्त इचारलं न्हाई तुम्ही.’

गाडी आली. त्यानं पिशवी उघडली, किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. मी नको नको म्हणत राहिलो. डॉक्टरला दाखवा म्हणलं, कान बरा होईल म्हणलं. तो म्हणाला, झाला बरा तर मागून घेईन. मग डब्यात चढला. वर्षभरानं सिकंदराबादला एका ओळखीच्या माणसाकडून चौकशी केली, तेव्हा कळलं की तो एका शाळेत घंटा वाजवायचं काम करतोय. किल्ली त्यानं मागितली नाही.

वकिलांचा पियानो अजून आहे. इंदूची नात वाजवते. सहा महिन्यांनी मी जातो, त्या किल्लीनं बारा पंचम लावतो आणि प्रत्येकाला केसभर उतरवून ठेवतो. कधी एखादा गवई तिथं बसलेला असतो, तोंड वाकडं करून म्हणतो, शेषेराव, पंचम उतरलाय की तुमचा. मी म्हणतो, हाव, उतरलाय. बसा, का उतरलाय ते आधी विचारा.